मेळ्यातली चादर आणि चाकाजवळचा अर्धा तास

इंदूरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

डिसेंबरमधल्या एका रविवारी त्या नवरा, 11 वर्षांची मुलगी, 6 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई यांना घेऊन सत्तरएक किलोमीटरवरच्या एका लहान गावातल्या हस्तकला मेळ्याला गेल्या. हट्ट त्यांचाच होता. मुलं सारखी मोबाइलमध्ये असतात, जरा हाताची कामं बघतील म्हणून. पोहोचायला चार वाजले, गाडी लावण्यात अर्धा तास गेला. आत बघतात तर निम्म्याहून जास्त स्टॉलवर प्लॅस्टिकची खेळणी, मुखवास, मसाजची मशीनं आणि ‘हर माल’वाले. मुलगी दहा मिनिटांत कंटाळली. मुलगा एका कुंभाराच्या चाकाजवळ जो बसला तो अर्धा तास उठेना, कपडे मातीनं भरले, शेवटी ओढून न्यावं लागलं आणि ‘त्याच्यामुळे अर्धे स्टॉल बघायचे राहिले’. ‘हाताची छपाई आहे’ असं विकणारा पोरगा म्हणाला म्हणून घाईघाईत, बिल न घेता, 950 रुपयांना दोन उशांच्या अभ्र्यांसह बाग प्रिंटची (बाग गावच्या ठशांच्या छपाईची) डबल बेडची चादर घेतली. सासूबाई ती उलटीसुलटी करून बघत होत्या, पण यांना उशीर होत होता. पहिल्याच धुण्यात चादरीच्या लाल रंगानं नवऱ्याचे दोन पांढरे शर्ट गुलाबी झाले. नवरा म्हणाला, ‘यापेक्षा छप्पनवर, त्या खाऊगल्लीत, जाऊन खाऊन-पिऊन घरी आलो असतो.’ ताई विचारतात: मी फसले का? तक्रार करू का? आणि घरच्यांना पुन्हा अशा ठिकाणी न्यायचा आग्रह सोडून देऊ का?

ताई, तुमच्या पत्रात दोन गोष्टी तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिल्या आहेत: मुलगा चाकापासून उठेना आणि सासूबाई चादर उलटीसुलटी करत बसल्या. त्या दिवशी मेळ्याला जाण्यातून जे मिळवायचं होतं ते या दोघांनी मिळवलं होतं. तुम्हाला ते दिसलं नाही, कारण सगळे स्टॉल बघून झाले की मेळा ‘झाला’ असं तुम्ही घरून ठरवून निघाला होतात. यात तुम्हाला दोष द्यायचा नाही. पाच माणसांची सोय बघत, घड्याळाकडे डोळा ठेवून फिरणाऱ्या बाईचं असंच होतं.

आधी मेळ्याबद्दल बोलू. मेळा हा मुळात बाजार असतो. ग्वाल्हेरचा प्रसिद्ध मेळा 1905 साली महाराज माधवराव शिंदे यांनी सुरू केला तो गुराढोरांचा मेळा म्हणून, आणि आज लोक तिथे मोटारी नि फ्रिज घ्यायला जातात. लहान गावच्या मेळ्याचं गणितही स्टॉलच्या भाड्यावर चालतं. एखाद्या छपाईवाल्यानं दहा दिवस काम बंद ठेवून यायचं तर स्टॉलचं भाडं, मालाची ने-आण, राहणं-खाणं आणि त्या दहा दिवसांची बुडालेली छपाई, एवढं सगळं विक्रीतून निघायला हवं. ते निघत नाही, म्हणून तो येत नाही आणि त्याच्या जागी व्यापारी येतो. सरकारी योजनेतून भरणाऱ्या शिल्प बाजारात निवडलेल्या कारागिरांना प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च मिळतो, त्यामुळे तिथे खऱ्या हातांचं प्रमाण जास्त असतं. तेव्हा पुढच्या वेळी जाहिरात बघताना मेळा कोण भरवतंय ते आधी वाचा. फक्त ‘एक्स्पो’, ‘सेल’, ‘भव्य’ असे शब्द असतील आणि भरवणाऱ्या खात्याचं किंवा संस्थेचं नाव कुठेच नसेल, तर भेळ खायला जा, हस्तकला बघायला जाऊ नका.

आत गेल्यावर व्यापारी आणि कारागीर ओळखायला फार वेळ लागत नाही. एकाच टेबलावर जयपूरची रजई, कच्छची पिशवी आणि काश्मीरचा स्टोल असेल तर तो व्यापारी. त्यात वाईट काही नाही, पण त्याच्याकडून तुम्हाला कामाबद्दल काही कळणार नाही. कारागिराकडे एकच गोष्ट असते आणि तिचे पाच प्रकार असतात. केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विभागाकडून कारागिरांना ‘पहचान’ नावाचं ओळखपत्र मिळतं, ते दाखवा म्हटलं तर खरा कारागीर रागावत नाही. त्याहून सोपं म्हणजे ‘भैया, ये लाल कैसे बनता है?’ एवढंच विचारायचं. जो काम करतो तो या प्रश्नावर थांबत नाही, हातवारे करून सांगत सुटतो. जो विकतो तो म्हणतो, ‘पक्का रंग है, गॅरंटी है.’

आता तुमची चादर. रंग गेला म्हणजे खोटी, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते इतकं सरळ वाटत नाही, कारण रंग जाण्यावरून चादर खरी की खोटी हे ठरत नाही.

धार जिल्ह्यातल्या बाग गावात ही छपाई खत्री कुटुंबं करतात. 1962 मध्ये ती मनावर या गावाहून बागला आली, आणि इस्माइल सुलेमानजी खत्री यांनी या छपाईला देशभर नाव मिळवून दिलं. कोरं कापड आधी एरंडेल तेल, खारी माती आणि बकरीच्या लेंड्या यांच्या पाण्यात तुडवतात, वाळवतात, पुन्हा भिजवतात. मग हिरड्याच्या पाण्यातून काढतात, तेव्हा ते पिवळट होतं. त्यावर लाकडी ठसे. काळ्यासाठी लोखंडाच्या गंजाचा लेप आणि लालसाठी तुरटीचा, दोन्ही चिंचोक्याच्या खळीत घट्ट केलेले. ठसा मारताना तो भडक लाल कुठेच नसतो. छापलेलं कापड काही दिवस ठेवून वाहत्या पाण्यात धुतात आणि मग तांब्याच्या मोठ्या कढईत अलिझरीन (लाल रंगाचं द्रव्य) नि धावडीच्या फुलांबरोबर उकळतात. तुरटी जिथे लागली आहे तिथे लाल रंग त्या भट्टीतच फुटतो. उरलेला, न चिकटलेला रंग शेवटच्या धुण्यात निघून जायला हवा. हे शेवटचं धुणं घाईत उरकलं तर खऱ्या बाग प्रिंटचा लालही पहिल्या एक-दोन धुण्यांत पाण्यात उतरतो. उलट स्क्रीन प्रिंटमध्ये, म्हणजे जाळीतून रंग दाबून केलेल्या छपाईत, बऱ्याचदा वापरतात तो कापडाच्या वरच बसणारा पिगमेंट रंग पाण्यात सहसा उतरतच नाही, तो घासल्यावर खरवडून निघतो. म्हणजे गुलाबी शर्टांवरून चादरीचा निकाल लावू नका.

निकाल लावायचा असेल तर चादर उजेडात पसरा आणि सासूबाईंना जवळ बोलवा. त्या मेळ्यात जे करत होत्या तेच आता निवांतपणे करायचं आहे. चादर उलटी करा: हाताच्या छपाईत, भट्टीतून निघालेल्या कापडात रंग मागेही बराच उतरलेला असतो, पिगमेंट छपाईची मागची बाजू फिकी राहते. शिवणीजवळच्या कडेतून कापडाचा एक लाल धागा ओढून बघा. तो गाभ्यापर्यंत रंगलेला आहे की एका अंगानंच? मग ठशांचे सांधे शोधा. ठसा साधारण 5-6 इंचांचा असतो आणि दोन ठसे भेटतात तिथे कुठे केसभर फट राहते, कुठे रंग रंगावर चढून गडद रेघ उमटते. प्रत्येक सांधा वेगळा असतो. हल्ली स्क्रीनवाले मुद्दाम असे सांधे नकलेत घेतात, पण त्यांची चूकसुद्धा ठरलेल्या अंतरावर तशीच्या तशी परत येते. मशीनवर फिरणाऱ्या जाळीच्या, म्हणजे रोटरी स्क्रीनच्या, नळीचा घेर बहुतेक 64 सेंटिमीटर असतो, तेव्हा घरातली मोजपट्टी घ्या आणि दर 64 सेंटिमीटरला तीच तुटकी पाकळी सापडते का ते बघा. सापडली, तर ती मशीनची. शेवटी कोपरे. हाताच्या कामात बॉर्डरचा ठसा कोपऱ्यावर वळवताना छपाईवाल्याला काहीतरी जुळवून घ्यावं लागतं, आणि ते जुळवणं दिसतं.

किमतीचाही एक हिशोब करता येतो. 90 बाय 108 इंचांची चादर म्हणजे 9,720 चौरस इंच. 6 इंची चौकोनी ठशानं सगळी भरायची तर एका रंगाचे 270 ठसे, दोन रंगांचे 540. ठसा लेपात टेकवायचा, जुळवायचा, मुठीनं ठोकायचा, उचलायचा. प्रत्येकी दहा सेकंद धरले तरी नुसता दीड तास ठसेच, तोही न चुकणाऱ्या हातानं. त्यात आधीचं आणि नंतरचं धुणं, भट्टी, कापडाचा भाव नि अभ्रे मिळवा, वर मेळ्याचं भाडं. 950 रुपयांत हे बसत नाही. माझा कौल असा की चादर बहुधा स्क्रीनची आहे, पण सांधे बघितल्याशिवाय शिक्का मारू नका.

तक्रार करावी का? मेळा अजून चालू असेल तर जरूर. यूपीआयची नोंद, चादरीचे सांध्यांचे फोटो आणि स्टॉलचा नंबर घेऊन आधी मेळ्याच्या कार्यालयात जा. तिथे बऱ्याचदा बदलून मिळतं, कारण आयोजकाला गवगवा नको असतो. मेळा उठला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर नोंद करता येते. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण 950 रुपयांसाठी, पक्कं बिल हाताशी नसताना, तारखांना जाण्याचा खटाटोप मी सुचवणार नाही. ‘हाताची छपाई’ हे शब्द विकणारा तोंडानं म्हणाला आणि कागदावर काहीच नाही, तिथे केस लंगडी पडते. यापुढे पाचशेच्या वर काही घेताना बिलावर ‘हाथ की छपाई’ एवढे तीन शब्द लिहून मागा. लिहायला कां-कूं झाली की तुम्हाला उत्तर मिळालंच. आणि एक शक्यता ध्यानात असू द्या, तो विकणारा पोरगा स्वतःच अजाण असू शकतो.

चादर मात्र वापरा. पुढची दोन-तीन धुणी वेगळी करा: साध्या गार पाण्यात अर्धा तास भिजवून, पाणी नितळ येईपर्यंत तीन-चारदा खळबळून, सावलीत वाळवा. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो ही घरोघरची समजूत आहे, पण रंग पक्का व्हायचा तो भट्टीत होतो, बादलीत नाही. शर्टांना इस्त्री केली नसेल तर अजून आशा आहे. पांढऱ्या सुती कपड्यांसाठी ऑक्सिजन ब्लीचची पूड मिळते, ती पाकिटावरच्या मापानं कोमट पाण्यात घालून शर्ट रात्रभर भिजवा. इस्त्रीची उष्णता लागली की डाग हट्टी होतात.

आता तुमचा मुलगा. सहा वर्षांचं पोर अर्धा तास एका जागी बसतं, हे तुम्ही घरी कधी बघितलं आहे का? तो काय बघत होता ते सांगते. कुंभार चाकाच्या कडेच्या खाचेत दांडा घालून चाक जोरात फिरवतो आणि दांडा बाजूला ठेवतो. मधोमध चार-पाच किलोंचा मातीचा गोळा. तो गोळा डगमगत असतो, कुंभार ओल्या तळव्यांनी दाबून त्याला मध्यावर आणतो आणि एका क्षणी गोळा फिरतो आहे की थांबला आहे हेच कळेनासं होतं. मग माथ्यावर अंगठा, बाहेरून बोटं, पणती उघडते, दोऱ्यानं कापून बाजूला. त्याच गोळ्याच्या माथ्यावरून लगेच दुसरी, तिसरी. चाक मंदावलं की पुन्हा दांडा. मोठ्यांना हे दोन मिनिटांत ‘कळतं’. मुलाला दर पणतीला वाटतं की ही मोडणार, आणि ती मोडत नाही. ही गोष्ट कुठल्याही मोबाइलवर इतक्या जवळून दिसत नाही, आणि तुम्ही त्याला याचसाठी घेऊन गेला होतात.

त्याला घरी माती द्या. चाक लागत नाही, सहा वर्षांच्या हातांना ते पेलतही नाही. कुंभाराकडून मळलेली माती दोनेक किलो आणा, ती मिळाली नाही तर गणपतीच्या आधी शाडू कुठेही मिळतो. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की माती आठवडाभर मऊ राहते. खाली जुनं सुती कापड अंथरा, प्लॅस्टिकवर माती चिकटते. लिंबाएवढा गोळा तळहातावर घेऊन अंगठ्यानं दाबत वाटी करायची, भिंत बोटाच्या निम्म्या जाडीची. मुलं दोन चुका हमखास करतात: पाणी फार लावतात, मग भिंत लोळते, आणि कान किंवा कडी नुसती चिकटवतात, ती वाळताना गळून पडते. जोडायच्या दोन्ही जागा काटा-चमच्यानं खरवडून, मातीचाच पातळ चिखल लावून दाबायच्या. उन्हात ठेवू नका. वरून आणि कडेनं माती आधी आकसते, तळ ओलाच राहतो, म्हणून तडा जातो. वर्तमानपत्र झाकून सावलीत पाच-सहा दिवस. भाजायचा हट्ट धरला तर एखाद्या कुंभाराला विचारा, त्याच्या भट्टीत दोन वाट्या सहज मावतात. गॅसवर कधीही नाही, आतल्या ओलाव्याची वाफ होऊन भांडं फुटतं.

मुलीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे, दहा मिनिटांत कंटाळली. 11 वर्षांच्या मुलीला गर्दीत आईच्या मागून फरफटत नेलं तर ती कंटाळणारच. तिला काम द्या. एक वही, मऊ पेन्सिल, आणि ‘तीन वेगळ्या बॉर्डर शोधून काढून आण’ एवढंच सांगा. नाहीच आवडलं तरी चालेल. एका घरातल्या पाचही जणांना एकच गोष्ट आवडायला हवी, हा तुमचा दुसरा गृहीत धरलेला मुद्दा आहे आणि तो सोडलात तर तुमचाच जीव हलका होईल.

मग पुन्हा जावं का? जावं, पण मेळ्याला न जाता काम चालतं तिथे. बाग इंदूरहून दीडशेएक किलोमीटर आहे, लहान मूल आणि गुडघे दुखणारी वडीलधारी माणसं घेऊन एका दिवसात जाऊन येणं जड जाईल. बाग गुंफा जोडून मुक्कामाचा बेत असेल तरच ते करा, आणि पावसाळ्यात नाहीच. तेव्हा कापड वाळत नाही आणि नदीचं पाणी गढूळ असतं. महेश्वर नव्वदएक किलोमीटर. किल्ल्यातल्या रेहवा सोसायटी या विणकरांच्या संस्थेचे हातमाग बघता येतात, घाट आहे, बसायला जागा आहे. सासूबाईंच्या कपाटात जुनी महेश्वरी साडी असेल तर ती बरोबर न्या. काठ दोन्ही बाजूंनी सारखा आणि पदरावर पाच पट्टे, ही खूण नातवंडांना त्यांनीच दाखवावी.

पण पहिल्या खेपेला मी भैरवगढच निवडेन. उज्जैनच्या कडेला, इंदूरहून दीड तासाच्या आत, तिथे बाटिकची छपाई चालते. मेण वितळवून कापडावर नक्षी काढतात, रंगात बुडवतात, मग उकळत्या पाण्यात मेण काढतात. मेण जिथे तडकतं तिथून रंग आत शिरतो आणि त्या बारीक शिरा उमटतात, त्यासुद्धा दर कपड्यावर वेगळ्या. मेणाची भांडी सतत तापलेली असतात, तेव्हा मुलाचा हात धरूनच उभे राहा. आदल्या दिवशी फोन करून काम चालू आहे का ते विचारा, शुक्रवारी दुपारी बऱ्याच ठिकाणी ते थांबलेलं असतं. सकाळी आठला निघा, साडेनऊपर्यंत पोहोचा, एकाच कारखान्यात तासभर थांबा. घ्यायचंच असं नाही, पण कोणी अर्धा तास दाखवण्यात घालवला तर एखादा रुमाल घ्या आणि त्याच्याशी भावावरून घासाघीस करू नका.

नवऱ्यांना एवढंच सांगा की रविवार टाळतो आहोत, गाडी लावायला जागा आहे आणि दुपारच्या जेवणापर्यंत परत येऊ. छप्पनवर संध्याकाळी जाता येईल.